बंधाऱ्याच्या फळ्या आणि अण्णांचा मुक्काम

आमच्या नदीला नकाशात नाव आहे. तालुक्याच्या नकाशावर निळ्या रेघेशेजारी ते तिरकं छापलेलं असतं. पण दोन्ही काठांवर ते नाव कुणी घेताना मी आजवर ऐकलेलं नाही. वर पारनेरच्या माळावर जिथं ती सुरू होते तिथं तिला ओढा म्हणतात. आमच्याकडे नुसती नदी. आणि खाली श्रीगोंद्याच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात शिरली की तिथले लोक तिला 'पानी' एवढंच म्हणतात. "पानी हाय का?" "न्हाई." संपला विषय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. नदी उगम पावते, वाहते, मोठ्या नदीला जाऊन मिळते, असं मी जन्मभर फळ्यावर लिहिलं. शाळेच्या खिडकीतून नदी दिसायची, आणि शिमगा झाला की तिच्यात वाळूशिवाय काही नसायचं. मुलं आधी फळ्याकडे बघायची, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. मी धडा पुढे न्यायची, दुसरं काय करणार?

तिचे दोन काठ एका नदीचे वाटत नाहीत. डाव्या काठावर काळी जमीन, माणूस उभा पुरेल एवढी खोल. तिथं कांदा होतो, हरभरा होतो, ज्वारीचं कणीस हातात मावत नाही. उजव्या काठावर मुरूम. फावडं मारलं की खणकन वाजतं. तरवड, बोरी, बाभळी आणि गावाचं गायरान. माझं माहेर काळ्या काठावर आणि सासर मुरमाच्या काठावर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मुद्दाम समोरच्या काठावर दिलं. लेक डोळ्यांसमोर राहील, असं त्यांचं म्हणणं. जमिनीचा विचार केला नाही का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "मानसं चांगली हायेत," ते म्हणाले. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. पण माझ्या परसात साधी मेथी धड येत नाही.

आता बंधाऱ्याचं सांगते, कारण पुढचा सगळा वैताग त्यातून आहे. नदी ओलांडायची जागा पूर्वीपासून एकच, आम्ही तिला उतार म्हणतो. तिथं पात्रात सपाट खडक आहे, त्यामुळे पाय रुतत नाही आणि बैलगाडीही जायची. बंधारा बांधायला साहेब लोक आले तेव्हा त्यांनाही खडकच हवा होता. तो उताराच्या जरा खाली सापडला. गाव खूश झालं. बंधाऱ्यात पाणी अडलं की ते मागं उतारावर चढणार, हे काय कुणाला दिसत नव्हतं? सगळ्यांना दिसत होतं. अण्णा तेव्हा पंचायतीत होते आणि हीच जागा पाहिजे म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तेच बोलत होते. वाटेचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर सगळे म्हणाले, "बघू म्होरचं म्होरं."

ती वाट साधी नव्हती. ती मसणवाट होती. काळ्या काठावरच्या गावाची स्मशानभूमी पलीकडे, आमच्या काठावरच्या गायरानात आहे, कारण काळी जमीन लोकांनी नदीच्या कडेपर्यंत नांगरलेली. मेलेल्या माणसासाठी तिथं जागा शिल्लकच नाही. पुढे सरकारी शेड मंजूर झालं तेव्हा ते अलीकडे बांधावं म्हणून सभा भरली. अलीकडेच झालं पाहिजे, यावर गावाचं एकमत. मग कुणाच्या रानात, असा प्रश्न आला आणि सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. शेड पलीकडेच झालं. चार खांब, वर पत्रा, समोर सिमेंटचे दोन बाक.

म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्या की पाणी तुंबतं, कांदा जगतो, आणि मेलेल्याला पलीकडे जाता येत नाही. फळ्या लोखंडी असतात. परतीचा पाऊस संपला की बंधाऱ्याच्या खांबांमधल्या गाळ्यांमध्ये एकावर एक बसवायच्या. लवकर टाकल्या आणि वरून लोंढा आला तर नदी बंधाऱ्याला बगल देऊन काठच फोडते. उशिरा टाकल्या तर पाणी श्रीगोंद्याच्या उसाला गेलेलं असतं. बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालता येतं, पण एकेकट्यानं. समोरून शेळी आली तर दोघांपैकी एकानं मागं फिरायचं. तिथून तिरडी जात नाही. हमरस्त्याच्या पुलावरून टेम्पोनं नेता येतं. एका घरानं नेलंही. तो रस्ता नेमका दुसऱ्या गावाच्या बाजारातून जातो आणि त्या दिवशी तिथं आठवड्याचा बाजार होता. पुन्हा आमच्याकडून आणू नका, असा निरोप आला. एका वर्षी अंत्यविधीसाठी फळ्या काढल्या. संध्याकाळपर्यंत वाट मोकळी झाली, आणि महिन्याभरात कांदा लिंबाएवढा राहून वाळला. त्या घराशी कुणी भांडलं नाही. नुसतं उन्हाळाभर त्यांच्या ओट्यावर कुणी बसायला गेलं नाही.

तेव्हापासून गावाला एक सवय लागली आहे. दसरा झाला की फळ्या टाकायच्या आधी गाव म्हाताऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करतं. ठरवून नाही, कुणी कुणाला सांगत नाही. पण करतं.

मागच्या खेपेला त्या चौकशीत अण्णा सापडले. पितृपंधरवडा संपल्यावर त्यांच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्या भावाला बाजूला घेऊन म्हणाले, वय झालंय, गोळ्या चालू ठेवा, काही सांगता येत नाही. भावानं त्यांना घरी आणून ओसरीवर खाट टाकली. मी रोज सकाळी उतारावरून जायची. घोट्याएवढं पाणी होतं तेव्हा.

आणि माणसं यायला लागली. बिस्किटांचे पुडे घेऊन. अण्णांच्या उशाला बसायची, "अण्णा, आज लई टवटवीत दिसताय," म्हणायची, आणि बाहेर आली की भावाला हळूच विचारायची, "भाकर किती खात्यात?" अर्धी म्हटलं की चेहरा पडायचा. सव्वा म्हटलं तरी पडायचा, कारण सव्वा भाकर खाणारा माणूसही रात्रीतून जाऊ शकतो. अंगणातून बाहेर पडताना एकूण एक माणूस मान वळवून नदीकडे बघायचा. मी चुलीजवळ बसून हे बघत होते आणि माझं डोकं तापत होतं.

पाणी कमिटीचे जे अध्यक्ष आहेत ते आमच्या अण्णांचे लहानपणापासूनचे मित्र. मी त्यांना काका म्हणते. ते दिवसातून दोनदा यायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "रात्री खोकला हुता का गं?"

"काका, कांदं लावलं का तुमी?" मी विचारलं.

"लावलं की. रोपं जोरात हायेत."

"मग सरळ विचारा ना, अण्णा कधी जानार म्हनून. खोकल्याचं कशाला विचारताय?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "काय बोलतीस बाई? आमी काय तसले हाय व्हय?" म्हणाले आणि उठून गेले. खरोखर तसले नव्हते, हाच तर वैताग होता. ते रडले ते अण्णांसाठीच रडले, आणि जाताना त्यांनी नदीकडे बघितलं ते कांद्यासाठी बघितलं. एखादा माणूस नुसता वाईट असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

पाणी रोज उतरत होतं. खडकाच्या कडेचा ओला पट्टा रुंद होत चालला होता. शेवटी एका संध्याकाळी सगळी कमिटी अंगणात येऊन बसली. चहा झाला. पावसावर बोलणं झालं, विजेवर झालं, श्रीगोंद्याकडच्या ऊसवाल्यांना शिव्या देऊन झाल्या. मुद्द्याचं कुणी काढेना. ओसरीवरून अण्णांचा आवाज आला, "कोन कोन आलंय?"

काकांनी नावं सांगितली.

"नदीला पानी किती ऱ्हायलंय?"

"करंगळीएवढी धार हाय."

"मग फळ्या का न्हाई टाकल्या?"

एकानं उगाच खाकरल्यासारखं केलं. अण्णा कोपरावर उठून बसले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. त्यांना कळायला वेळ लागला नाही. स्वतः त्यांनीच किती वर्षं अशी चौकशी केली असेल!

"माझ्यासाठी थांबलाय व्हय?" ते म्हणाले. "गाढवं हायेत सगळी. परवा फळ्या टाका. मी उद्या पलीकडं जातो, बाईकडं."

बाई म्हणजे मी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या घराचा निर्णय माझ्यासमोर झाला आणि अंगणातल्या एकाही माणसानं माझ्याकडे वळून बघितलं नाही.

आता माझा राग कळायला हवा असेल तर हे सांगायला हवं. आई गेली तेव्हापासून मी अण्णांना माझ्याकडे चला म्हणून सांगत आले होते. हाता-पाया पडून झालं, भांडून झालं. निवृत्तीनंतर घर वाढवलं तेव्हा त्यांच्यासाठी पायरी नसलेली खोली काढली, शेजारीच संडास-बाथरूम. त्या खोलीत ज्वारीची पोती राहिली. अण्णा यायचे, ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परत. "लेकीच्या घरी बाप मुक्कामाला राहत नसतो," एवढं बोलून उठायचे. जुनी रीत आहे. आमच्याकडे आता ती फारशी कुणी पाळत नाही, पण अण्णा पाळायचे. आणि तेच अण्णा आता खताची गोणी इथून तिथं ठेवावी तसे स्वतःला माझ्याकडे पाठवत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की त्या रात्री मी न जेवता घरी गेले.

सकाळी परत आले तर भाऊ त्यांच्याशी वाद घालत होता. "अण्णा, लोक काय म्हनतील? पोरानं शेवटाला म्हाताऱ्याला हाकलला म्हनतील."

"लोकांना पानी पायजे. ते काय बी म्हननार न्हाईत."

भावजय आत त्यांची धोतरं घडी करत रडत होती. भाऊ बाहेर निघून गेला तसं मी खाटेजवळ गेले. "अण्णा, एवढी वर्षं बोलावलं तवा न्हाई आलात. आता मरायला येताय का माझ्याकडं?"

"मरायला न्हाई गं," ते अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "मेलो तर अडचन नको म्हनून येतोय."

मी गादी गुंडाळायला घेतली.

पिकअपमध्ये गादी टाकून त्यांना नेलं. उतारावर अर्धं गाव जमलं होतं, सगळ्यांची तोंडं उतरलेली. काका हातात नारळ घेऊन उभे होते. मला वाटलं अण्णांच्या नावानं फोडणार, तर तो दुसऱ्या दिवशीच्या फळ्यांसाठी आणलेला होता. पिकअप पाण्यात शिरली आणि अण्णांनी पत्र्यावर काठी आपटून ती मध्येच थांबवली. वर बघितलं, खाली बघितलं, आणि ओरडले, "कडंच्या गाळ्याला माती भरा रं नीट, मागल्या साली लई गळत हुता." मग गाडी पुढे निघाली. मागं कुणीतरी हुंदका दिला. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्या पडल्या. थोड्याच दिवसांत बंधाऱ्यापासून वरच्या वळणापर्यंत पाणी चढलं, उताराचा खडक दिसेनासा झाला आणि पलीकडे पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. मी पहाटे उठून आधी अण्णांच्या खोलीच्या दाराशी जायची. श्वास ऐकू आला की चूल पेटवायची.

श्वास चालू होता आणि तोंडही चालू होतं. इकडचं पाणी मचूळ लागतं. मुरमावरच्या ज्वारीची भाकर कडक होते. गाय वेळेवर ओरडत नाही. आमचे हे टीव्ही मोठ्यानं लावायचे ते त्यांना सहन होत नव्हतं, पण जावयाला बोलायचं कसं? "पाव्हणं, तुमाला नीट ऐकू येतंय ना?" असं विचारायचे. हे लाजून आवाज कमी करायचे. सासरे उभे असताना हे बसायचे नाहीत आणि जावई उभा असताना अण्णा बसायचे नाहीत. "मामा, बसा," "पाव्हणं, आधी तुमी," असं करत दोघं ओट्यावर उभेच. मी कधीकधी भांडी जोरात आपटायची, तेव्हा दोघं एकदम बसायचे.

मी त्यांचं मीठ तोडलं होतं. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, पण माहेरी भावजयीची काय छाती सासऱ्यापुढून लोणचं उचलायची? मी उचललं. चार दिवस अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मग पायांची सूज उतरायला लागली. मग ते काठी घेऊन परसात जायला लागले. आणि एके दिवशी संध्याकाळी खोलीत नाहीत, परसात नाहीत, ओट्यावर नाहीत. मी ऊर फुटेस्तोवर धावले. अण्णा स्मशानाच्या शेडसमोर सिमेंटच्या बाकावर आरामात बसले होते.

"अण्णा! बसायला दुसरी जागा न्हाई का?" मी ओरडले.

"हितनं कांदं चांगलं दिसत्यात," ते म्हणाले.

खरंच दिसत होते. पाण्यापलीकडे काळ्या रानात हिरवीगार पात, वाफ्यामागून वाफा. बांधावरून कुणीतरी हात करून ओरडलं, "अण्णा, बरं हाय का?" अण्णांनी काठी उंच केली. जिथं त्यांना आणायचं कसं म्हणून गाव काळजीत होतं, तिथं ते स्वतःच्या पायानं रोज जाऊन बसायला लागले. मी बडबड करत शेजारी बसायची. आम्ही दोघं फार बोलायचो असं नाही. पलीकडे वीज आली का, मोटार कुणाची बंद पडली, एवढंच. पण लग्नानंतर मी अण्णांच्या शेजारी नुसती बसलेय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

होळी झाली आणि पाणी हटायला लागलं. आधी काठाचा चिखल उघडा पडला, मग उताराच्या खडकाची पाठ वर आली. पलीकडे कांदे काढून पातीखाली झाकले होते. दर वर्षी त्या तुंबलेल्या पाण्याला मी शिव्या दिल्या आहेत. माहेरी जायला वळसा, नाहीतर त्या बंधाऱ्याच्या माथ्यावरून जीव मुठीत धरून चालायचं. या वर्षी मी रोज त्या खडकाकडे बघायची आणि पाणी आणखी थोडे दिवस टिकावं असं मला वाटायचं. कमिटीला सांगून श्रीगोंद्याकडचा सगळा ऊस जळू द्यावा, पण एक फळी हलवू नये, इथपर्यंत मनात येऊन गेलं.

एके सकाळी भाऊ उतारावरून चालत आला. चपला पायातच होत्या. "चला अण्णा," तो दारातून म्हणाला.

अण्णा चहा पीत होते. त्यांनी कप ठेवला, टोपी घातली आणि उभे राहिले. एवढंच. मला वाटलं होतं, दोन दिवस थांबतो म्हणतील. निदान जेवून जातो म्हणतील.

"एवढी कसली घाई?" माझा आवाज चढला. "बरं झालं इथं तुमाला. सूज गेली. कोन हाकलतंय का?"

"पानी गेलं की गं," ते म्हणाले. "आता तिकडं मेलो तरी चालतंय."

भाऊ पिशवी घेऊन पुढं गेला. मी अण्णांचा हात धरून उतारापर्यंत आले आणि मग खडकावरही गेले. वाळलेलं शेवाळ पायाखाली कुरकुरत होतं. मध्यावर ते दम घ्यायला थांबले. उन्हात डोळे बारीक करून बंधाऱ्याकडे बघत राहिले.

"दसऱ्याला फळ्या पडतील," ते म्हणाले. "तवा येतो परत."

"फळ्या न्हाई पडल्या तरी या की, अण्णा. उद्या या. मधीच कदी या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अडाण्यासारखं बोलले. "तसं कसं यायचं, बाई? लेकीचं घर हाय ते."

पलीकडच्या काठाशी पोचलो तर भाऊ हात पुढे करून उभा होता. मी अण्णांचा हात त्याच्या हातात दिला, आणि रागानं, खरोखर रागानं, तिथंच वाळूत बसून रडले.